समर्थन आणि सुसूत्रीकरण : रॅशनलायझेशनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार, लेखापरीक्षक आणि निव्वळ कुतूहल असलेले वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्न सुरुवातीपासून वाचले तरी चालतील किंवा हवा तो थेट गाठला तरी चालेल. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे क्रमांक दिला आहे.

1. रॅशनलायझेशन म्हणजे नेमके काय? एका वाक्यात सांगता येईल का?

आधी काहीतरी करून किंवा ठरवून मोकळे व्हायचे, मग त्याला शोभेल असे पटण्याजोगे कारण शोधायचे आणि तेच कारण पहिल्यापासून आपल्या मनात होते असे प्रामाणिकपणे मानायचे, याला मानसशास्त्रात रॅशनलायझेशन म्हणतात. या पानावर त्यासाठी 'समर्थन' हा शब्द वापरला आहे. अर्थशास्त्रात, उद्योगात आणि समाजशास्त्रात हेच नाव निराळ्या गोष्टींना दिले जाते. त्या अनुक्रमे प्रश्न 9, 12 आणि 13 मध्ये पाहाव्यात. निर्णय आधी की कारण आधी, हा क्रम डोळ्यासमोर ठेवला तर खालची बहुतेक उत्तरे सोपी जातील.

2. ही कल्पना फ्रॉइडचीच ना?

नाही. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांचे वेल्श सहकारी आणि पुढे त्यांचे चरित्रकार झालेले एर्नेस्ट जोन्स यांनी 1908 मध्ये साल्झबर्ग येथे भरलेल्या मनोविश्लेषकांच्या परिषदेत दैनंदिन जीवनातील समर्थनावर निबंध वाचला आणि तेथून हा शब्द या अर्थाने रूढ झाला. आपले वागणे आणि आपली मते यांचा सुसंगत हिशेब आपल्याला देता आलाच पाहिजे असे प्रत्येकाला वाटते आणि या दडपणापोटीच कारणे तयार होतात, हे जोन्स यांचे मुख्य म्हणणे होते. निरीक्षण अर्थातच त्याहून फार जुने आहे. इसापाच्या कोल्ह्याला द्राक्षे आंबट वाटली तेव्हा मनोविश्लेषण जन्मायचे होते.

3. मग हे खोटे बोलणेच झाले की. सबब सांगणे आणि समर्थन करणे यांत फरक काय?

फरक श्रोत्याचा आहे. उशिरा येऊन 'ट्रॅफिक फार होते' म्हणणाऱ्याला आपण घरातूनच उशिरा निघालो हे पक्के ठाऊक असते. तो समोरच्यासाठी सारवासारव करत असतो आणि पकडला गेला की ओशाळतो. समर्थनात पहिला श्रोता आपण स्वतःच असतो आणि तो आधीच पटलेला असतो. म्हणून समर्थन करणाऱ्याला कुणी टोकले तर तो ओशाळत नाही, चिडतो. व्यवहारात दोन्हींमधली सीमा धूसर असते हेही खरे, कारण दहा वेळा सांगितलेली सबब अकराव्या वेळी सांगणाऱ्यालाच खरी वाटू लागते.

4. सांगितलेले कारण खरे असेल, तर त्याला समर्थन कसे म्हणायचे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण समर्थनातले कारण खोटे असावे लागते हा गैरसमज फार पसरलेला आहे. ते पुष्कळदा खरे असते. मात्र निर्णय त्याच्यामुळे झालेला नसतो.

दिवाळीत 'गुंतवणूक म्हणून' घेतलेला हार पाहा. सोन्याचा भाव दीर्घकाळात चढत गेला आहे हे खरेच आहे. पण पावती हातात घेऊन वाचली तर सोन्याच्या वजनाच्या किमतीखाली घडणावळ असते आणि त्यावर 3 टक्के जीएसटी असतो. उद्या तोच हार मोडायला नेला तर घडणावळ परत मिळत नाही, कर परत मिळत नाही आणि सराफ घट धरतो ती निराळीच. गुंतवणूक हेच कारण असते तर खरेदीदाराने वळे, नाणे किंवा गोल्ड ईटीएफ यांची चौकशी तरी केली असती. सरकारी सुवर्णरोखे निघत होते त्या काळात तर सोन्याच्या भावाखेरीज वर्षाला 2.5 टक्के व्याजही मिळत होते. त्या काळातही हाराची खरेदी त्याच कारणाने होतच होती.

यातून कसोटी हाती लागते : सांगितलेले कारण काढून घेतले, किंवा त्याच कारणाने अधिक चांगला ठरणारा दुसरा मार्ग दाखवला, तर निर्णय बदलला असता का? बदलला नसता, तर ते कारण दर्शनी आहे. हार सुंदर आहे आणि तो गळ्यात घालावासा वाटतो, हे कारण खरे तर पुरेसे आहे. ते सांगायला लोक का कचरतात, हा मला समर्थनापेक्षाही अधिक रंजक प्रश्न वाटतो.

5. आपल्या वागण्याचे कारण आपल्यालाच ठाऊक नसते, हे सिद्ध कसे होते?

दोन प्रयोग पुरेसे आहेत.

रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मिशिगनमधल्या एका दुकानातली पाहणी दिली आहे. टेबलावर नायलॉनच्या स्टॉकिंग्जचे चार जोड ओळीने मांडले होते आणि ग्राहकांना त्यांतला सर्वांत चांगला निवडायला सांगितले होते. चारही जोड हुबेहूब एकच होते. तरीही सर्वांत उजवीकडचा 40 टक्के लोकांनी निवडला आणि सर्वांत डावीकडचा 12 टक्क्यांनी. कारण विचारल्यावर लोकांनी वीण आणि पोत यांची नावे घेतली. जागेमुळे निवड झाली, असे आपणहून कुणीही म्हणाले नाही. तसे सुचवल्यावर बहुतेकांनी ते साफ नाकारले.

दुसरा प्रयोग मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा तंतुपट्टा शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांवरचा आहे. मायकेल गॅझॅनिगा यांच्या एका रुग्णाच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीच्या पायाचे चित्र दाखवले आणि उजव्या गोलार्धाला बर्फाने वेढलेले घर. समोरच्या चित्रांमधून जुळणारे चित्र निवडताना एका हाताने कोंबडी दाखवली आणि दुसऱ्याने, बर्फाशी जुळणारे, फावडे. बोलण्याचे काम करणाऱ्या डाव्या गोलार्धाला बर्फाची काहीच वार्ता नव्हती. पण रुग्ण क्षणभरही अडखळला नाही. कोंबडीच्या पायाशी कोंबडी जुळते आणि खुराडे साफ करायला फावडे लागते, असे उत्तर त्याने दिले. 'मला माहीत नाही' हे उत्तर मोकळे असूनही त्याने ते घेतले नाही, याकडे विशेष लक्ष द्यावे.

6. फेस्टिंगरचा एक डॉलरवाला प्रयोग पुस्तकात वाचला, पण नीट कळला नाही. कमी पैसे मिळालेल्यांनाच काम जास्त का आवडले?

लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांच्या 1959 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणे काम दिले होते : तबकात रिळे भरायची आणि काढायची, मग फळीवरच्या 48 खुंट्या एकामागून एक पाव फेरा फिरवायच्या. त्यानंतर बाहेर थांबलेल्या पुढच्या व्यक्तीला 'काम मजेदार आहे' असे सांगण्यासाठी काहींना 1 डॉलर दिला आणि काहींना 20. शेवटी त्यांचे स्वतःचे मत उणे 5 ते अधिक 5 या मापावर विचारले. 20 डॉलरवाल्यांची सरासरी उणे 0.05 आली, 1 डॉलरवाल्यांची अधिक 1.35.

20 डॉलर घेणाऱ्याकडे खोटे बोलण्याचे कारण खिशात होते, त्यामुळे काम कंटाळवाणे होते हे मान्य करायला त्याला अडचण नव्हती. 1 डॉलरसाठी आपण खोटे बोललो, हे मात्र पचायला जड जाते. झालेले बोलणे मागे घेता येत नाही, म्हणून मत पुढे सरकते आणि काम तितकेसे वाईट नव्हते असे वाटू लागते. मनातील या विसंगतीचा सिद्धान्त फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मांडला होता.

7. हे जुने प्रयोग पुन्हा केल्यावर तसेच निष्कर्ष येतात का?

सगळे नाही. अनेक देशांतील 39 प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत, स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहिणाऱ्यांचे मत त्या बाजूला सरकले हे दिसले. परंतु 'तुमची मर्जी असेल तर लिहा' असे सांगितलेल्यांचे मत सक्ती केलेल्यांपेक्षा अधिक सरकायला हवे होते, ते सरकले नाही. सिद्धान्ताचा भर नेमका या मर्जीवरच होता, त्यामुळे हा धक्का लहान नाही. अप्रामाणिकपणाविषयीच्या संशोधनात तर याहून वाईट घडले आहे. अर्जाच्या तळाशी सही घेण्याऐवजी वरच सही घेतली तर लोक अधिक खरे लिहितात, हा 2012 मधला गाजलेला निष्कर्ष आधारसामग्री बनावट असल्याचे उघड झाल्यावर 2021 मध्ये मागे घेण्यात आला. तोवर तो सरकारी कार्यालयांनाही शिकवून झाला होता. प्रश्न 5 मधले निष्कर्ष एकाच आकड्यावर उभे नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर अधिक भिस्त ठेवतो.

8. 'द्राक्षे आंबट' आणि 'गोड लिंबू' हे दोन प्रकार परीक्षेत विचारतात. फरक?

न मिळालेल्या गोष्टीला नावे ठेवणे हा पहिला प्रकार. पदरी पडलेल्या गोष्टीचे गोडवे गाणे हा दुसरा. 'पदरी पडले पवित्र झाले' ही म्हण दुसऱ्या प्रकाराची आहे. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण या दोहोंत बसत नाही, कारण तिच्यात दोष बाहेर ढकलला जातो. बरीच मार्गदर्शके तिला पहिल्या प्रकारात घालतात, ते चूक आहे.

9. अर्थशास्त्रात माणूस विवेकी असतो असे गृहीत धरतात. मग तिथे रॅशनलायझेशनचा प्रश्नच कुठे येतो?

येतो, पण उलट्या बाजूने. पॉल सॅम्युएल्सन यांनी 1938 मध्ये सुचवले की ग्राहकाच्या मनात काय आहे हे विचारूच नये. त्याने कोणत्या भावाला काय घेतले एवढेच पाहावे. समजा, एका आठवड्यात मटारची पिशवी घेतली आणि त्याच पैशांत फ्लॉवरची पिशवीही परवडत होती. पुढच्या आठवड्यात भाव बदलल्यावर फ्लॉवर घेतला आणि तेव्हा मटारही परवडत होता. आवड तीच असेल तर या दोन खरेद्या एकत्र नांदू शकत नाहीत. अशी विसंगती नसेल तर त्या सर्व खरेद्या एका सुसंगत आवडीनिवडीत बसवता येतात. 1967 मध्ये सिडनी आफ्रिआट यांनी त्याची गणिती अट सिद्ध केली. अर्थशास्त्रज्ञ याला 'वर्तनाचे रॅशनलायझेशन' म्हणतात.

म्हणजे कारण मागाहून जोडणे, हे जे मानसशास्त्रात ग्राहकाचे वैगुण्य, तेच येथे अभ्यासकाचे अधिकृत तंत्र आहे. ग्राहकाच्या मनात तेच कारण होते असा दावा अर्थशास्त्रज्ञ करत नाही, निदान पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात तरी नाही. पुढच्या प्रकरणांत मात्र त्या मागाहून बसवलेल्या आवडीनिवडीवरून लोकांचे हित कशात आहे हे ठरवले जाते आणि तेथे सावध राहावे.

10. 'इतके हप्ते भरले, आता पॉलिसी बंद कशी करू?' हेही समर्थनच का?

बहुधा हो. बुडीत गेलेला पैसा हे पुढचा पैसा घालण्याचे कारण होऊ शकत नाही. पुढच्या हप्त्यांवर पुढे काय मिळणार एवढेच पाहायला हवे. अपवाद असा की काही पॉलिसींत ठरावीक वर्षांपूर्वी बंद केल्यास परतावा फारच कमी मिळतो. तेव्हा चालू ठेवणे फायद्याचे ठरू शकते, पण ते सरेंडर मूल्याचे, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यास मिळणाऱ्या रकमेचे, गणित मांडून ठरवलेले असावे.

11. लेखापरीक्षणाच्या अभ्यासक्रमात 'फ्रॉड ट्रँगल' आहे. त्यातला तिसरा कोन हाच का?

हाच. अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी विश्वासाने सोपवलेला पैसा खाल्ल्याबद्दल तुरुंगात असलेल्या लोकांच्या मुलाखती घेऊन 1953 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. आर्थिक दडपण, संधी आणि समर्थन या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हा अपहार होतो, असे त्यांच्या मांडणीवरून पुढे रूढ झाले. भारतातील लेखापरीक्षण मानक 240 मध्येही हे तिन्ही घटक आहेत. क्रेसी यांच्या निरीक्षणातले मर्म असे की समर्थन पैसे उचलण्यापूर्वीच तयार असते. 'हे हातउसने आहेत, महिनाअखेर भरून टाकू' एवढे वाक्य मनाशी जुळल्याशिवाय पापभीरू रोखपालाचा हात गल्ल्याकडे जात नाही. प्रश्न 1 मधल्या व्याख्येला हा अपवादच वाटेल. पण येथेही ठरते आधी आणि कारण येते मागाहून, फक्त दोन्ही गोष्टी कृतीच्या अलीकडे घडतात.

सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचे 7 जानेवारी 2009 चे पत्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. ताळेबंदात सुमारे 5,040 कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली त्यात आहे. सुरुवातीला खरा नफा आणि दाखवलेला नफा यांतले अंतर किरकोळ होते, ते वाढत गेले आणि अखेर वाघावर स्वार होऊन खाली कसे उतरावे ते कळेनासे झाले, असे त्यात लिहिले आहे. आपण स्वतः कंपनीतून पैसा घेतला नाही, असेही. गुन्हेशास्त्रात 1957 मध्ये ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी अशा बचावांचे पाच प्रकार नोंदवले आहेत : जबाबदारी माझी नव्हती, नुकसान झालेच नाही, ज्याचे झाले तो त्याच लायकीचा होता, दोष देणारे तरी कोण सोवळे, आणि मी हे माझ्या माणसांसाठी केले. ते अल्पवयीन गुन्हेगारांचा अभ्यास करत होते, पण यादी संचालक मंडळालाही चालते.

12. आजोबा गिरणीत होते. ते 'रॅशनलायझेशनविरुद्धचा संप' म्हणायचे. त्याचा या सगळ्याशी काय संबंध?

तो शब्द उद्योगातला, मराठीत 'सुसूत्रीकरण'. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत उत्पादनातली उधळपट्टी कमी करण्याची चळवळ उभी राहिली, 1921 मध्ये तिच्यासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि 1927 च्या जिनिव्हा येथील जागतिक आर्थिक परिषदेने श्रम आणि माल यांचा अपव्यय कमीत कमी ठेवणारी तंत्रे व संघटन अशी रॅशनलायझेशनची व्याख्या केली. मुंबईच्या गिरण्यांत याच सुमारास ससून समूहाने 'कार्यक्षमता' योजना आणली : साळखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, एका विणकराने दोनऐवजी तीन साचे (माग) सांभाळायचे, सूतकताईत एकाने यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू पाहायच्या. यंत्रे, कापूस आणि हवेतला दमटपणा सुधारल्याशिवाय तिसरा साचा म्हणजे कार्यक्षमता नसून निव्वळ वाढीव ओझे आहे आणि उरलेल्यांच्या पोटावर पाय आहे, असे कामगारांचे म्हणणे होते. एप्रिल ते ऑक्टोबर 1928 असा सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप या पार्श्वभूमीवर झाला. त्यात सुमारे दीड लाख कामगार होते आणि मे महिन्यात त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संप मिटल्यावर फॉसेट समितीने सर्व बाजूंच्या साक्षी घेतल्या. स्वातंत्र्यानंतरही वाद संपला नाही. 1955 मध्ये कानपूरचे गिरणी कामगार याच मुद्द्यावर 80 दिवस संपावर होते.

पण मानसशास्त्रातला अर्थही त्याच साळखात्यात सापडतो. धोटा म्हणजे मागावर आडवे सूत नेणारे साधन. त्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचे सूत विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घेत असे. दलित कामगाराने तोंड लावलेला धोटा आपल्याला चालणार नाही, या कारणावरून सवर्ण कामगारांनी दलितांना साळखात्यात येऊ दिले नाही. आता प्रश्न 4 मधली कसोटी लावा. तोंडाने सूत ओढणे सर्वांच्याच आरोग्याला घातक होते आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने अशा धोट्यांवर 1911 मध्येच बंदी घातली होती. अडचण धोट्याची असती तर धोटा बदलण्याची मागणी झाली असती. साळखात्यातली मजुरी सूतकताईपेक्षा बरीच जास्त होती, ही गोष्ट त्या युक्तिवादात कुणी उच्चारत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा अन्याय चव्हाट्यावर आणला. मालकांच्या 'कार्यक्षमते'मागचा हेतू ओळखणाऱ्या कामगारांना स्वतःच्या 'विटाळा'मागचा हेतू दिसला नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे.

13. मॅक्स वेबर यांचे रॅशनलायझेशन म्हणजे तरी काय?

व्यक्तीच्या मनातली सारवासारव असा जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबर यांचा रोख नाही. परंपरा, दैवी कौल आणि व्यक्तिगत मर्जी यांच्या जागी हिशेब, लेखी नियम आणि ठरलेली कार्यपद्धती येण्याची शतकानुशतके चाललेली प्रक्रिया, असा त्यांचा अर्थ आहे. दुहेरी नोंदीची हिशेबपद्धती आणि पगारी नोकरशाही ही तिची ठळक रूपे. या प्रक्रियेत जगातली जादू ओसरते, असे त्यांनी 1917 मधल्या एका व्याख्यानात म्हटले.

नियम असला म्हणजे निर्णय नियमातून निघतो, असे मात्र मानू नये. कचेरीत 'हे प्रकरण नियमात बसवून घेऊ' असे म्हटले जाते तेव्हा निर्णय झालेला असतो आणि नियमाचा शोध चालू असतो. वेबरची यंत्रणा आणि जोन्सची प्रवृत्ती त्या एका वाक्यात एकाच टेबलावर बसलेली असतात.

14. संपूर्ण समाज समर्थन करतो असे म्हणता येईल का? उदाहरणार्थ जातीबद्दल?

म्हणता येईल, आणि वेबर यांनीच ते नेमके सांगितले आहे : सुदैवी माणसाला नुसते सुदैव पुरत नाही, त्या सुदैवावर आपला हक्क आहे अशी खात्रीही त्याला हवी असते. कर्मसिद्धान्तात उच्च आणि नीच दोघांच्याही वाट्याचा खुलासा मिळतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. आधुनिक काळात जुने कारण लाजिरवाणे झाले तेव्हा ते बदलले, व्यवस्था तशीच राहिली. जात म्हणजे श्रमविभागणी आहे, असे अर्थशास्त्राच्या भाषेतले कारण पुढे आले. आंबेडकरांनी 1936 मधल्या, लाहोरच्या परिषदेत होऊ न शकलेल्या भाषणात ते मोडून काढले : जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे आणि तीही एकावर एक रचलेली. एक कारण पडल्यावर दुसरे लगेच उभे राहणे, ही समर्थनाची सामाजिक पातळीवरची सर्वांत भरवशाची खूण आहे. गिरणीतले उदाहरण प्रश्न 12 मध्ये आले आहे.

व्यवस्थेचा तोटा सोसणारेही कधीकधी तिचे समर्थन करतात, हे जॉन जोस्ट आणि महझरीन बनाजी यांनी 1994 मध्ये सिद्धान्तरूपात मांडले. त्याआधी 1966 मध्ये मेल्विन लर्नर यांच्या प्रयोगात, समोरच्या स्त्रीला विजेचे झटके बसत आहेत असे वाटणाऱ्या आणि ते थांबवण्याचा मार्ग नसलेल्या प्रेक्षकांनी हळूहळू तिलाच कमी लेखायला सुरुवात केली होती.

15. जीएसटीचे 'दर सुसूत्रीकरण' यात कुठे बसते?

प्रश्न 12 मधल्या उद्योगातल्या अर्थाजवळ. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे काढून बहुतेक वस्तू 5 आणि 18 टक्क्यांत आणल्या, काही थोड्या वस्तूंसाठी 40 टक्के ठेवले आणि बहुतांश बदल 22 सप्टेंबरपासून लागू केले. येथे कुणाच्या मनाचा प्रश्न नाही.

16. समर्थन करणे नेहमी वाईटच असते का?

नाही. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी शाकाहारी होते आणि मासे मारणे त्यांना विनाकारण हत्या वाटे. एकदा जहाजावर कॉड मासे तळले जात असताना वासाने ते डळमळले. मासे चिरताना त्यांच्या पोटात लहान मासे निघालेले त्यांनी पाहिले होते. तुम्ही एकमेकांना खाता तर मी तुम्हाला का खाऊ नये, असे म्हणून त्यांनी ताव मारला. हवे ते करण्यासाठी कारण शोधता किंवा बनवता येते, म्हणून विवेकशील प्राणी असणे किती सोयीचे, अशी मल्लिनाथी त्यांनी स्वतःच केली आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील फायरी कुशमन यांनी 2020 मध्ये याची दुसरी बाजू मांडली. आपल्या सवयी, उपजत प्रेरणा आणि समाजाकडून उचललेल्या रीती यांत पुष्कळ शहाणपण दडलेले असते. कृतीनंतर तिचे कारण शोधताना ते शहाणपण आपल्याला विचारांत वापरता येण्याजोगे होते. मला हे अर्धेच पटते. सवयीत शहाणपण असेल तर ते हाती येईल. सवयीत स्वार्थ असेल तर त्यालाही तितकेच सुबक कारण मिळेल आणि वरून दोन्ही सारखी दिसतील.

17. चॅटबॉट आपल्या उत्तराचे कारण देतो, तेही समर्थनच का?

बाह्य लक्षणे जुळतात. 2023 मधल्या एका अभ्यासात नमुन्यादाखल दिलेल्या सर्व प्रश्नांचे बरोबर उत्तर 'अ' हेच ठेवले होते. त्यामुळे चॅटबॉटमागची भाषिक प्रारूपे नव्या प्रश्नालाही 'अ'कडे झुकली, पण स्पष्टीकरणात या झुकावाचा उल्लेख न करता विषयाला धरून कारणे देत राहिली. प्रश्न 5 मधल्या स्टॉकिंग्जची ही आवृत्तीच म्हणावी. स्वतःची प्रतिमा जपण्याची गरज हा समर्थनाचा अर्धा भाग मात्र यंत्राला लागू आहे असे म्हणायला आधार नाही.

18. स्वतःचे समर्थन ओळखायचे कसे?

आत डोकावून ओळखता येत नाही. प्रश्न 5 मधले लोकही आतच डोकावले होते. उपयोगी पडतात त्या बाहेरच्या खुणा. निर्णयापूर्वी कारणे तारखेसह लिहून ठेवावीत आणि कशामुळे आपण निर्णय बदलू हेही लिहावे. नंतर दिलेली कारणे त्या कागदाशी ताडून पाहावीत. हेच कृत्य आपल्याला न आवडणाऱ्या माणसाने याच कारणासाठी केले असते तर आपण काय म्हटले असते, हेही विचारावे. आणि एका कृत्यासाठी तीन-चार कारणे एकदम सुचू लागली तर थोडे थांबावे, कारण ज्या एका कारणाने निर्णय झाला ते सहसा त्यांत नसते.

19. विरोधकाचे कारण 'हे तर नुसते समर्थन' म्हणून झटकून टाकता येते का?

येत नाही, आणि या संकल्पनेचा सर्वांत मोठा गैरवापर हाच आहे. कारण मागाहून सुचले असले तरी ते बरोबर असू शकते. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय 10 वरून 12 केले, तेव्हा लोकमान्य टिळकांनी सुधारणेला नव्हे तर परक्या सरकारच्या कायद्याला आपला विरोध आहे असे म्हटले. हे खरे कारण होते की सनातन्यांना दुखवू नये म्हणून घेतलेली भूमिका? मुलींची लग्ने 16 आणि मुलांची 20 वर्षांपूर्वी न करण्याचे बंधन लोकांनी स्वेच्छेने घालून घ्यावे, असे त्यांनी आधी सुचवले होते; एक बाजू त्यात प्रामाणिकपणाचा पुरावा पाहते आणि दुसरी कायदा टाळण्याची युक्ती. हा वाद सुटला नाही तरी कायद्याचा निवाडा करता येतो. त्याआधी कलकत्त्यात फुलमणी दासी या लहान मुलीचा नवऱ्याच्या संभोगाने मृत्यू झाला होता. अशा मुलींना वाचवणे आणि परक्या सत्तेला घरात येऊ न देणे यांत वजन कशाला, एवढेच ठरवायचे होते. हेतूचा शोध त्यानंतर, आणि पुराव्यानिशी.

20. सरकारी अधिकाऱ्याने निर्णय घेऊन टाकला आणि कारणे कोर्टात गेल्यावर शोधली, तर कायद्यात त्यावर काही उपाय आहे का?

आहे. अंधेरीतल्या एका चित्रपटगृहाला दिलेली परवानगी मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी रद्द केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्येच सांगितले की सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरून लावायचा, अधिकाऱ्याने मागाहून दिलेल्या खुलाशावरून नाही. मोहिंदरसिंग गिल खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेच अधिक ठामपणे मांडले : आदेश त्यात नमूद केलेल्या कारणांवरच टिकला किंवा पडला पाहिजे, प्रतिज्ञापत्रातून त्याला नवी कारणे पुरवता येत नाहीत, आदेश म्हणजे काही जुनी होत जाईल तशी चांगली होणारी दारू नव्हे.

मात्र नियम सरसकट नाही. रेल्वे भरती परीक्षेतल्या गैरप्रकारांच्या प्रकरणात 2010 मध्ये न्यायालयाने व्यापक जनहिताचा प्रश्न असताना आदेशानंतर हाती आलेली सामग्रीही विचारात घेता येते असे म्हटले. म्हणून माहिती अधिकारात अर्ज करताना केवळ आदेशाची प्रत न मागता, त्या आदेशापूर्वीच्या टिपणीची आणि शेऱ्यांची तारखांसह प्रत मागावी.